‘इम्प’चं कूळ

जर्मन माणूस लस टोचण्याला ‘इम्फन’ म्हणतो. इंग्रजीत ‘इम्प’ म्हणजे सैतानाचं पिल्लू, नाहीतर द्वाड कार्टं. दोघांचं कूळ एकच: फळबाग!

जुन्या इंग्रजीत ‘इम्पा’ म्हणजे कोवळा फुटवा, कलमाची काडी. पुढे कुळाचा कोंब तो इम्प झाला. वॉरिकच्या सेंट मेरी चर्चमध्ये, लेस्टरच्या अर्लच्या, १५८४ साली वारलेल्या चिमुकल्या मुलाच्या समाधीवर त्याला ‘नोबल इम्प’ म्हटलंय. शेक्सपिअरचा पिस्टल तर नव्या राजालाच कौतुकाने इम्प म्हणतो.

खरा वाद या शब्दांच्या मुळाचा. फ्रँक लोकांच्या सालिक कायद्यात कलमासाठी ‘इम्पोटुस’ हा लॅटिन शब्द येतो. एक पक्ष याचं मूळ ‘पुतारे’त, म्हणजे छाटण्यात, शोधतो, दुसरा ग्रीक ‘एम्फुतोस’मध्ये, म्हणजे आत रोवलेल्यात. मी दुसऱ्या पक्षाचा. काडी नुसती छाटून कलम होत नाही, ती खुंटात बसवावी लागते. शिवाय लागवडीच्या दीर्घ मुदतीच्या पट्ट्याला रोमन कायद्याने ‘एम्फुतेउसिस’ हा याच धातूचा ग्रीक शब्द जसाच्या तसा उचलला होता. मार्से ही मुळात ग्रीकांची वसाहत. बागाईतीची ही बोली तिथूनच उत्तरेला सरकली असणार, असं मला ठामपणे वाटतं.

लसीचा शब्द बागेतूनच आला याला ‘इम्फन’शिवाय दुसरा साक्षीदारही आहे. इंग्रजी ‘इनॉक्युलेशन’मध्ये लॅटिन ‘ओकुलुस’, म्हणजे डोळा, आहे. गुलाबावर आपले माळी भरतात तोच डोळा! देवीची लस टोचण्याआधी हा शब्द झाडांचाच होता.

मग सैतान कुठून शिरला? माझ्या मते षष्ठी विभक्तीतून. ‘सैतानाचा इम्प’, ‘नरकाचा इम्प’ असं सोळाव्या शतकात सर्रास म्हणत. तिथे इम्प म्हणजे नुसतं पोर. घासून घासून ‘सैतानाचा’ गळला आणि त्याचं पाप पोराला चिकटलं. १६४०च्या दशकात मॅथ्यू हॉपकिन्स चेटकिणी हुडकत फिरला, तोवर त्यांच्या पाळीव भुतांना इम्पच म्हणत.

कलमाचा जुना अर्थ टिकला तो ससाणे पाळणाऱ्यांकडे. ससाण्याचं पीस मोडलं की मोडका भाग कापायचा, तिकोनी सुई खाऱ्या पाण्यात बुडवून निम्मी उरलेल्या पिसात, निम्मी जुन्या गळलेल्या पिसात खुपसायची. सुई गंजते आणि सांधा पक्का होतो. आता सुईऐवजी इतर काड्या आणि गोंद आले, पण या कामाला ते अजूनही ‘इम्पिंग’च म्हणतात.