हातबदल झालेली वस्तू आणि ग्राहकाचा हक्क

लखनऊच्या चारबाग स्थानकाजवळ तुम्ही दुकानातून वापरलेला फोन घेतला आणि तो बिघडला. दाद कोणाकडे मागाल?

जुना नियम असा, की करार ज्या दोघांत, हक्कही त्या दोघांतच. १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ही चौकट सैल केली. खरेदीदाराच्या संमतीने वस्तू वापरणाराही ‘ग्राहक’ ठरला. लखनऊ विकास प्राधिकरणाच्या १९९३ मधील खटल्यात (तो घरांचा होता, फोनचा नव्हे) सर्वोच्च न्यायालयाने हाच विस्तार अधोरेखित केला. २०१९ च्या कायद्यातही तो कायम आहे.

म्हणून वडिलांनी घेऊन दिलेल्या फोनची तक्रार तुम्ही करू शकता. पण विकून टाकणे म्हणजे ‘संमतीने वापर’ का? माझ्या मते शब्द तिथवर ताणणे कठीण. जुन्या फोनचे पैसे तुम्ही दुकानदाराला दिलेत. त्याचे ग्राहक तुम्हीच. पावती मात्र मागून घ्या.