कयाकचे सुकाणू

ग्रीनलंडच्या किनाऱ्यावर इन्युइट शिकारी शेकडो वर्षे ज्या अरुंद होडीतून सीलची शिकार करीत आले, त्या कयाकला मुळात सुकाणू नव्हते. वाहत आलेल्या लाकडांचा सांगाडा, त्यावर सीलचे ताणून बसविलेले कातडे आणि हाती एक वल्हे, एवढाच सारा सरंजाम! होडी किंचित कलती करून वल्ह्याच्या एका फटकाऱ्याने शिकारी तिला हवी तशी वळवी. मग सुकाणूने या होडीत सुधारणा झाली की कौशल्यास उणेपणा आला, हा वाद उत्पन्न व्हावा हे नवल नव्हे.

वादाचे मूळ वाऱ्यात आहे. कयाक पुढे चालली असता तिची नाळ अचल पाण्यात रुतल्यासारखी होते. पिछाडीखालचे पाणी मात्र ढवळलेले असते. बाजूने वारा सुटला की पिछाडी ढकलली जाते आणि होडी आपोआप वाऱ्याकडे तोंड फिरविते. तिला सरळ ठेवण्यासाठी वाऱ्याच्या बाजूस अधिक जोराने वल्हवावे लागते. घटकाभर हे साधते. दिवसभर करू गेल्यास एक खांदा निकामी होतो.

या त्रासाची किंमत ऑस्कर स्पेक या जर्मन तरुणास पुरेपूर ठाऊक असली पाहिजे. बेकारीने गांजलेला हा गृहस्थ १९३२ साली उल्म येथून डॅन्यूब नदीत घडीची कयाक घेऊन निघाला आणि १९३९ साली ऑस्ट्रेलियाच्या हद्दीतील साइबाई बेटावर उतरला. युद्ध सुरू झालेले असल्यामुळे तेथे त्याचे स्वागत अटकेने झाले! सुमारे ५०,००० किलोमीटरच्या या प्रवासात कराचीपासून आपला पश्चिम किनाराही त्याने पालथा घातला. त्याच्या होडीस लहानसे शीड होते आणि पायाने फिरविण्याचे सुकाणूही होते. शीड आणि वारा यांच्या ओढाताणीत होडी मार्गावर ठेवण्याचे काम पायांकडे गेले, की हात वल्ह्यासाठी मोकळे राहतात.

सुकाणू वेग उत्पन्न करीत नाही, हे मात्र ध्यानात ठेवले पाहिजे. पाते वळले की ते पाण्याला अडविते. उंच लाटेवर पिछाडी उचलली गेली, तर ते हवेतच फिरते. शिवाय त्याची दोरी ऐन वादळात तुटली, तर केवळ त्याच्यावर विसंबणाऱ्याची गत कठीण होते. निवाऱ्याच्या पाण्यात ते ओझेच होय. लाभ आहे तो वाया जाणारी शक्ती वाचविण्यात.

याचा निवाडा खुद्द ग्रीनलंडनेच करून ठेवला आहे. तेथे बंदूक आल्यावर नेम धरताना वल्हे खाली ठेवणे भाग पडले आणि होडी भलतीकडे वळू लागली. तेव्हा पश्चिम किनाऱ्यावरील शिकाऱ्यांनी पिछाडीस काढता घालता येणारे एक स्थिर पाते बसविले. काम बदलले, तसे साधन बदलले. परंतु वल्ह्याची विद्या त्यांनी टाकली नाही. सुकाणू हे कौशल्याचे साहाय्यक आहे, त्याच्या जागी बसणारे नव्हे.