सहीआधीची दुरुस्ती

धुळ्यातल्या एका सामन्यात मी गुणलेखक होतो. शेवटच्या शिट्टीनंतर ताळा घेताना दिसले, जळगावच्या खेळाडूच्या क्रमांकाभोवती तीन गुणांचे वर्तुळ होते. बेरीज मात्र मी दोननेच पुढे नेली होती. धुळ्याचा एका गुणाचा विजय म्हणजे खरे तर बरोबरी!

नेस्मिथ यांच्या १८९१च्या १३ नियमांत गुण मोजणे पंचाचेच काम होते. पुढे ते टेबलाकडे आले. अखेरचा शब्द पंचाचाच राहिला. मुख्य पंचाची गुणपत्रिकेवर सही होईपर्यंत नोंदीतली चूक सुधारता येते, निकाल बदलला तरी. त्या सहीचे वजन १९७२ साली म्युनिकला दिसले. शेवटचे तीन सेकंद पुन्हा खेळवले गेले, सोव्हिएत संघ अमेरिकेवर ५१-५० असा जिंकला आणि पंच रिगेतो यांनी सही नाकारली.

आमच्या पंचांनी चूक दुरुस्त करून पाच मिनिटे जादा खेळवली. धुळेकर माझ्यावर चिडले. पण सही खऱ्या बेरजेखाली झाली.