कांचेंतील अदृश्य ताण

ज्योतीवर घडविलेला कांचेचा मणी झपाट्यानें निवला, तर बाहेरचा थर आधीं घट्ट होतो. आंतला मागाहून आकसूं पाहतो आणि दोहोंमध्यें ताण कोंडला जातो. असा मणी वरून अभंग दिसतो, पण कांहीं दिवसांनीं आपोआप तडकतो.

या तडकण्याचें कोडें जुनें आहे. वितळलेली कांच पाण्यांत टाकून बनविलेले थेंब राजपुत्र रूपर्टनें १६६० च्या सुमारास इंग्लंडांत आणले. हातोडा सोसणारा तो थेंब शेंपूट मोडतांच चूर्ण होई. रॉबर्ट हूकनें १६६५ मध्यें त्याचें कारण थंड होण्याच्या रीतींत शोधलें. परंतु ताण डोळ्यांस दिसेना. १८१५ च्या सुमारास डेव्हिड ब्रूस्टरनें तो ध्रुवीभूत, म्हणजे एकाच प्रतलांत कंप पावणाऱ्या, प्रकाशांत दाखविला.

एडविन लँडनें १९२९ मध्यें ध्रुवकारक पातळ पट सिद्ध केला आणि ही परीक्षा घरोघर शक्य झाली. दिव्यासमोर असे दोन पट काटकोनांत धरले कीं अंधार होतो. मध्यें पारदर्शक मणी फिरवून पाहावा. ताण असेल तेथें उजेड चमकतो. अपारदर्शक मण्यापुढें मात्र ही युक्ति हरते. तेथें भट्टींत सावकाश निवविणें, हाच एक भरंवसा.