जत्रेचा फड आणि पैलवानाचें गांव

मराठवाड्यांतील जत्रा ही केवळ देवदर्शनापुरती कधींच नव्हती. नांदेड जिल्ह्यांतील माळेगांवीं खंडोबाची यात्रा मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीच्या सुमारास भरते. लातूरास सिद्धेश्वराची यात्रा महाशिवरात्रीस भरते. माळेगांवचा घोड्यांचा, गाढवांचा व गुरांचा बाजार सर्वत्र प्रसिद्ध आहे. परंतु देवास नारळ फोडून झाला, जनावरांचे भाव पाहून झाले, कीं तरुणांचे पाय आपोआप वळतात ते हलगीच्या आवाजाकडे, म्हणजे कुस्तीच्या फडाकडे.

हा फड कोणाच्याच मालकीचा नसतो, हें त्याचें वैशिष्ट्य होय. तालीम म्हटली कीं तिची माती, तिचा वस्ताद आणि तिचे पाठीराखे हे ठरलेले. तेथें परका मल्ल लढावयास आला, तर निकालाविषयीं संशय राहावयाचाच. जत्रेच्या फडांत मात्र दोघेहि पाहुणे. या तिऱ्हाईत भूमीचे नियम कोणी कागदावर लिहिले नव्हते, तरी ते सर्वांस पाठ असत. वय, अंगलोट आणि तयारी पाहून पंचांनीं जोड लावावयाची. लहान पोरांच्या कुस्त्या रेवड्यांवर वा नारळावर आधीं उरकावयाच्या आणि मोठ्या इनामाची कुस्ती शेवटीं धरावयाची. पाठ मातीस लागली कीं वाद संपला. बराच वेळ निकाल लागला नाहीं, तर कुस्ती बरोबरींत सोडवावयाची, आणि ज्यानें दाद मागावयाची त्यानें ती पंचांपाशींच मागावयाची.

कुस्तीच्या न्यायाची एवढी काळजी घेणाऱ्या या फडांत एका गोष्टीविषयीं मात्र कांहींच नियम नव्हता. ती गोष्ट म्हणजे पोराची निवड. फडाच्या कडेस बसलेल्या मंडळींत बाहेरगांवचे वस्ताद असत. नारळाच्या कुस्तींत एखाद्या शेतकऱ्याच्या मुलानें चपळाईनें पट काढला, कीं त्यांची नजर त्याच्यावर खिळे. कुस्ती संपली म्हणजे मुलाच्या बापाची चौकशी होई. पोर आमच्या तालमींत पाठवा, असें सांगणें होई. दूध, तूप, बदाम यांचा खुराक कोरडवाहू शेतीच्या जिवावर चालविणें ज्यास अशक्य, तो बाप काय उत्तर देणार? मुलाचें कल्याण होत असेल तर गांवानें आड येऊं नये, अशीच लोकरीत होती. माळेगांवच्या बाजारांत जनावराची किंमत होई; फडांतून गेलेल्या पोराबद्दल गांवाच्या हातीं कांहींच पडत नसे.

हीं पोरें बहुधा कोल्हापुराकडे जात, याचें कारण उघड आहे. १८९४ सालीं राज्यावर आलेल्या शाहू छत्रपतींनीं मल्लविद्येस असा आश्रय दिला, कीं पंजाबचे पैलवानहि तेथें येऊन राहिले. १९१२ सालीं खासबागेचें मैदान तयार झालें. नांदेड व लातूर हे भाग १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानांत होते. तेथील खेड्यांतील पोरास असा आश्रय जवळपास मिळणें कठीण होतें. कॉलेजचा मार्गहि तेव्हां बंदच होता. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव शाळेंतून कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजांत गेले, १९४८ सालीं लंडनच्या ऑलिंपिकमध्यें लढले आणि १९५२ सालीं हेलसिंकी येथें त्यांनीं कांस्यपदक मिळविलें. नांदेडचें पीपल्स कॉलेज निघालें तें १९५० सालीं. लातूरचें दयानंद कॉलेज १९६१ सालीं.

पोर कोणीं, कोठें व कसें निवडावें हा प्रश्न एकट्या मराठवाड्याचा नाहीं. अमेरिकेंत कॉलेजांच्या फूटबॉलनें असेंच वेड लावलें. त्या खेळांतील दुखापती अतोनात वाढल्या, तेव्हां १९०६ सालीं तेथील कॉलेजांनीं एक संस्था स्थापिली. खेळाच्या सुरक्षिततेपासून आरंभ झालेल्या या संस्थेस पुढें खेळाडूंच्या निवडीचेहि नियम करावे लागले. शाळेंतील होतकरू मुलास कॉलेजच्या प्रशिक्षकानें वर्षाच्या कोणत्या काळांत भेटावें, त्यास काय देऊं नये, हें तेथें लिहून ठेवलेलें असतें. सामना दोन्ही कॉलेजांस परक्या असलेल्या मैदानावर असेल, तर तेथेंहि मुलांशीं कसें वागावें याचें बंधन असतें. त्या नियमांवर टीका पुष्कळ होते. तरी तिऱ्हाईत मैदानावर केवळ खेळाडू नव्हे, तर त्यास नेणाराहि बांधलेला असावा, हें तत्त्व त्यांनीं मान्य केलें.

महाराष्ट्रांत कुस्तीस नियमांची चौकट आली ती राज्य कुस्तीगीर परिषदेमुळें. १९५३ सालीं परिषद स्थापन झाली आणि १९६१ सालीं औरंगाबाद येथें 'महाराष्ट्र केसरी' हा किताब प्रथम दिला गेला. त्या पहिल्या वर्षींचे विजेते दिनकर दह्यारी हे सांगलीकडचे होते. हें अधिवेशन गांवोगांव फिरतें राहिलें, हें चांगलेंच झालें. जत्रेच्या फडाचा तिऱ्हाईतपणा त्यानें राखला. परंतु मल्ल कोणाचा, हा जुना प्रश्न राहिलाच. १९६६ सालीं मान मिळविणारे दीनानाथ सिंह मूळचे उत्तर प्रदेशांतील; त्यांस घडविलें कोल्हापुरानें. १९६९ सालीं अधिवेशन लातुरास झालें आणि मान मिळाला हरिश्चंद्र बिराजदार यांस. निलंगा तालुक्यांतील रामलिंग मुदगडचा हा मल्ल, कोल्हापुरांत तयार झालेला, आपल्याच मुलुखांत येऊन जिंकला. पुढें १९७७ सालीं दिल्लीच्या सतपाल यांच्याशीं त्यांची गाजलेली कुस्ती झाली ती बेळगांवीं, म्हणजे दोघांसहि परक्या भूमीवर; आणि तीहि त्यांनींच जिंकली.

बिराजदारांनीं नंतर पुण्यांत वस्ताद म्हणून काम केलें. त्यांच्या हाताखालीं लातूर जिल्ह्याचेच काका पवार तयार झाले. त्यांस १९९८ सालचा अर्जुन पुरस्कार मिळाला. त्यांनींहि तालीम काढली ती पुण्यांतच. म्हणजे लातूरचा वस्ताद, लातूरचा शिष्य, आणि आखाडा मात्र पुण्याचा. यांत कोणाचा दोष काढण्यासारखें नाहीं. जेथें खुराक, सराव आणि जोड मिळते, तेथेंच मल्लविद्या राहते.

याचा शेवट जानेवारी १९२० नव्हे, तर अगदीं अलीकडे, जानेवारी २०२० मध्यें दिसला. पुण्याजवळ बालेवाडी येथें महाराष्ट्र केसरीच्या अंतिम कुस्तीस एका बाजूस नाशिकचा हर्षवर्धन सदगीर आणि दुसऱ्या बाजूस लातूरचा शैलेश शेळके उभा होता. दोघेहि काका पवारांचेच पठ्ठे! एका तालमीच्या पठ्ठ्यांनीं इनामासाठीं परस्परांशीं लढूं नये, असा जुना संकेत. जिल्ह्यांच्या नांवानें लावलेल्या जोडीनें तो बाजूस सारला. सदगीर जिंकला, आणि त्यानें हरलेल्या सोबत्यास खांद्यावर उचलून घेतलें.

तो देखावा पाहून प्रेक्षकांचे डोळे पाणावले असतील, तर नवल नाहीं. त्या एका कृतींत जुन्या फडाची सारी सभ्यता होती. परंतु माळेगांवच्या किंवा सिद्धेश्वराच्या जत्रेंत आज नारळावर लढणाऱ्या पोरास ती सभ्यता पुरणार नाहीं. त्यास हवी आहे गांवापासून चालत जाण्याजोगी माती, दूध आणि शिकविणारा वस्ताद. तें झालें, तर बाहेर जाणें ही त्याची निवड ठरेल. आजवर ती बहुधा त्याची गरज होती.