आंदणातला किल्ला

सोलापूरच्या भुईकोट किल्ल्यात मी शाळकरी वयापासून जातो आहे. सिद्धेश्वर तलावाकडची तटबंदी, खंदक, आतली बाग सगळे पाठ झालेले. हा किल्ला दोनदा लग्नाच्या बोलणीत आला होता, हे मात्र चाळिशी उलटल्यावर कळले. फारसी मला येत नाही. फिरिश्ता वाचला तो ब्रिग्जच्या इंग्रजी भाषांतरातून, तोही नोकरी सांभाळून.

पहिली बोलणी 1524 मधली. विजापूरच्या इस्माईल आदिलशहाची बहीण मरियम अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाला दिली. सोबत सोलापूर देण्याचे ठरले होते, असे निजामशाहीचे म्हणणे. असा शब्द आपण दिलाच नव्हता, असे आदिलशहाचे. या एका किल्ल्यापायी दोन्ही घराणी पुढे वर्षानुवर्षे लढत राहिली. अखेर 1564 च्या सुमारास विजयनगरविरुद्ध एकजूट करायची वेळ आली, तेव्हा हुसेन निजामशहाने आपली मुलगी अली आदिलशहाला दिली आणि सोलापूर आंदण दिले. ती मुलगी म्हणजे चांदबीबी. तेव्हा तिचे वय जेमतेम चौदा असावे.

1580 मध्ये अलीचा खून झाला. त्याचा नऊ वर्षांचा पुतण्या इब्राहीम गादीवर आला आणि त्याच्या वतीने कारभार पाहण्याचे काम चांदबीबीवर आले. किश्वरखान या सरदाराने तिला साताऱ्याच्या किल्ल्यात कैद केले. तो पळाल्यावर ती विजापुरास परतली. 1584 मध्ये इब्राहीमची बहीण निजामशाहीत दिली, तिच्यासोबत चांदबीबी माहेरी अहमदनगरला गेली. एका किल्ल्यासह सासरी आलेली ही बाई पुढे दुसऱ्या किल्ल्यासाठी लढणार होती.

1595 च्या अखेरीस शहजादा मुरादने अहमदनगरला वेढा घातला. सुरुंगाने तट फुटला, तेव्हा बुरखा घेऊन, हाती तलवार धरून ती खिंडारात उभी राहिली आणि रातोरात भिंत पुन्हा उभी केली, हे सर्वांना ठाऊक आहे. गोळे संपल्यावर तोफांतून तांब्याची, चांदीची, मग सोन्याची नाणी डागली, ही कथा तर आपण शाळेतच ऐकतो. मला त्याहून मोलाचा वाटतो तो 1596 चा तह. वऱ्हाड मोगलांना देऊन तिने अहमदनगर राखले. काय सोडायचे नि काय धरायचे, हा हिशेब तिला कळत होता. आमच्याकडे तह करणाऱ्याला कमी लेखण्याची खोड आहे. तिच्या दरबारातही होती.

1600 मध्ये शहजादा दानियालचा वेढा पडला. किल्ला टिकणार नाही हे ओळखून, बाल सुलतान बहादूरचा जीव वाचवण्याच्या अटीवर तिने बोलणी करायचे ठरवले. हमीदखानाने ती शत्रूला फितूर झाल्याची आवई उठवली आणि जमावाने तिला तिच्याच महालात मारले. थोड्याच दिवसांत किल्ला पडला. बहादूरला ग्वाल्हेरच्या कैदेत धाडले.

अहमदनगरजवळच्या डोंगरावरच्या एका उंच इमारतीला लोक 'चांदबीबीचा महाल' म्हणतात. ती खरे तर निजामशाहीचा वजीर सलाबतखान याची कबर. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात बहिरी ससाणा घेऊन शिकारीला निघालेल्या चांदबीबीचे चित्र आहे, तेही तिच्या मृत्यूनंतर सुमारे शंभर वर्षांनी काढलेले. सोलापूरच्या किल्ल्यात मात्र पाहुण्यांना बुरूज दाखवताना मी आता आधी आंदणाची गोष्ट सांगतो. बहुतेक जण विचारतात, "मग ती इथे कधी राहिली होती का?"