चित्रपटगृह की घर? : महाराष्ट्रातील चित्रपट-प्रेक्षकाचा सामाजिक इतिहास (१९७२ ते २०२१)

प्रस्तावना

मराठी चित्रपटाच्या इतिहासलेखनात दिग्दर्शक, नट-नट्या आणि चित्रसंस्था यांची नोंद पुष्कळ झाली आहे. प्रेक्षकाची नोंद मात्र क्वचितच आढळते. तो कोठे बसला, किती पैसे मोजून बसला, कोणाला सोबत घेऊन आला, आणि आला नाही त्या संध्याकाळी घरी काय करीत होता, हे प्रश्न दुय्यम मानले गेले. परिणामी प्रेक्षकाविषयीची काही विधाने कोणतीही तपासणी न होता रूढ झाली. ‘दूरदर्शन आले आणि चित्रपटगृहे ओस पडली’ हे त्यांपैकी सर्वांत परिचित विधान होय. चित्रपटगृह सोडून प्रेक्षक घरी बसला, असे त्यात गृहीत धरलेले आहे. परंतु घरी बसण्यासाठी प्रथम घर असावे लागते, त्यात बसण्यापुरती जागा असावी लागते, आणि बसणाऱ्यास कामातून उसंत असावी लागते. या तिन्ही गोष्टी महाराष्ट्रातील सर्व प्रेक्षकांपाशी सारख्या नव्हत्या. प्रस्तुत निबंधात चित्रपटगृह आणि घर यांतील निवडीचा विचार या अंगाने केला आहे.

ज्यांना घर नव्हते त्यांचे चित्रपटगृह

मुंबईच्या गिरणगावात कोकणातून व घाटावरून आलेला कामगार बहुधा एकटा राहत असे. बायको-मुले गावी, जेवण खानावळवालीकडे, आणि झोपण्यासाठी चाळीतील एका खोलीत दहा-पंधरा जणांबरोबर वाट्याला आलेली सतरंजीपुरती जागा. पाळीप्रमाणे एक उठून कामावर जाई तेव्हा दुसरा येऊन त्याच जागेवर अंग टाकी. अशा खोलीस ‘घर’ म्हणणे हा केवळ भाषेचा उपचार होय. सुटीच्या दिवशी हा कामगार भजनी मंडळात, तालमीत, तमाशाच्या थिएटरात किंवा चित्रपटगृहात वेळ काढी. लालबागचे ‘भारतमाता’ हे चित्रपटगृह मराठी चित्रपट आणि स्वस्त तिकीट या दोन गोष्टींमुळे गिरणी कामगारांचे म्हणून ओळखले गेले. पडद्याजवळच्या स्वस्त बाकांपासून वरच्या बाल्कनीपर्यंत दरांची जी उतरंड होती, तिच्यातून समाजातील उतरंडही दिसे, हे खरेच. तथापि एकाच छपराखाली, एकाच वेळी, एकाच विनोदाला ही सर्व माणसे हसत होती. शहरात असे प्रसंग फार थोडे होते. दादा कोंडके यांचा ‘सोंगाड्या’ (१९७१) आणि त्यानंतरचे त्यांचे रौप्यमहोत्सवी चित्रपट या प्रेक्षकाचा विचार केल्यावाचून समजणार नाहीत. बाल्कनीतील सुशिक्षितांनी नाके मुरडली तरी चित्रपट पंचवीस आठवडे चालत तो खालच्या बाकांच्या बळावर.

स्त्रियांची गोष्ट वेगळी होती. त्यांना घर होते, किंबहुना घराखेरीज दुसरे फारसे काही नव्हते. ब्रिटिश सरकारने १९२७ मध्ये नेमलेल्या चित्रपट चौकशी समितीपुढेही स्त्रिया चित्रपटगृहात येतात काय, हा विचारार्थ प्रश्न होता. पुढील काळात स्त्रियांसाठी राखीव बाके आली, दुपारचे खास खेळ आले आणि ‘बायकांनी पाहावा असा’ चित्रपट हा एक स्वतंत्र प्रकारच तयार झाला. संतपट, पौराणिक पट आणि कौटुंबिक पट यांच्या निमित्ताने सासू-सुना, नणंदा-भावजया, शेजारणी एकत्र घराबाहेर पडत. देवदर्शन, माहेर आणि हळदीकुंकू यांच्या जोडीला बाहेर पडण्याचे हे चौथे मान्य कारण होते. चित्रपटाच्या गुणवत्तेचा प्रश्न येथे काहीसा गौण ठरतो. तीन तास चूल, पाणी आणि हाक यांपासून सुटका होती, आणि त्या सुटकेला कोणी नाव ठेवीत नव्हते.

शेजारच्या घरातील पडदा

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. आठवड्याच्या अखेरीस दाखविला जाणारा चित्रपट आणि चित्रपटगीतांचा ‘छायागीत’ हा कार्यक्रम यांची लोकप्रियता मोठी होती. परंतु त्या काळी दूरचित्रवाणी संच ही चैनीची वस्तू होती आणि तो बाळगण्यासाठी सरकारी परवाना लागे. संपूर्ण चाळीत एखाद-दुसऱ्या बिऱ्हाडी संच असे. रविवारी संध्याकाळी त्या बिऱ्हाडातील पलंग भिंतीला सरकविला जाई, मुले पुढे जमिनीवर, वडीलधारी माणसे खुर्च्यांवर, बायका स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी, आणि उरलेले गॅलरीत खिडकीच्या गजांना धरून उभे. काही ठिकाणी मुलांकडून पाच-दहा पैसे घेतले जात. म्हणजे हे खाजगी घर नव्हतेच. त्यात पुढच्या-मागच्या जागा होत्या, क्वचित तिकीटही होते, आणि यजमानाच्या मर्जीनुसार डोअरकीपरही होता. कोणाच्या घरात कोणास आत घ्यावयाचे व कोणास खिडकीबाहेर उभे करावयाचे, हे मात्र जात आणि पत पाहून ठरे. चित्रपटगृहाच्या खिडकीवर पैसे देणाऱ्यास जात विचारली जात नसे. या एका मुद्द्यावर चित्रपटगृह घरापेक्षा निश्चितच पुढे होते.

१९७२ ते १९९० या कालखंडात चित्रपट घरात आला असे म्हणण्यापेक्षा काही घरांचीच चित्रपटगृहे झाली, असे म्हणणे वस्तुस्थितीस अधिक धरून होईल. याचे ठळक उदाहरण भक्तिपर कथांच्या बाबतीत दिसते. १९७५ मध्ये ‘जय संतोषी माँ’ प्रदर्शित झाला तेव्हा स्त्रिया चप्पल बाहेर काढून चित्रपटगृहात जात, पडद्यापुढे आरती करीत, नाणी उधळीत. बारा वर्षांनी, २५ जानेवारी १९८७ पासून, रविवारी सकाळी रामानंद सागर यांची ‘रामायण’ मालिका सुरू झाली. आता संचाला हार घातला गेला, त्यापुढे उदबत्ती लागली, आणि स्नान करून मंडळी समोर बसली. भाविकता तीच आणि शेजारपाजारही तोच होता. बदलले ते एवढेच, की आरतीनंतर घरातील स्त्रीला आलेल्या मंडळींसाठी चहाचे आधण ठेवणे भाग होते. घरी बसण्याच्या सुखाचा हिशेब मांडताना या चहाची नोंद सहसा होत नाही.

व्हिडिओ, केबल आणि १९९१

१९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या निमित्ताने रंगीत प्रक्षेपण आले आणि त्याच सुमारास व्हिडिओ कॅसेट रेकॉर्डर मध्यमवर्गात शिरला. गणेशोत्सवात व सत्यनारायणाच्या पूजेला भाड्याने व्हिडिओ आणून रात्रभर तीन-तीन चित्रपट पाहण्याची प्रथा शहरांत आणि तालुक्याच्या गावी पडली. चोरट्या कॅसेटींचा सुळसुळाट एवढा झाला की १९८४ मध्ये स्वामित्व हक्क कायद्यात दुरुस्ती करून शिक्षा वाढविण्यात आली. दुसरीकडे चित्रपट व्यवसाय करांच्या ओझ्याविरुद्ध ओरड करीत होता. राज्य सरकारच्या करांविरुद्ध मुंबईतील हिंदी चित्रपट व्यवसायाने १९८६ मध्ये काम बंद ठेवले होते. याच दशकात, १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर, गिरणगावातील कामगाराची मिळकत व वस्ती दोन्ही मोडली. गिरणगावातील स्वस्त बाके रिकामी होण्याचे खापर केवळ व्हिडिओच्या माथी फोडता येत नाही. तिकीट काढणारा माणूसच गावी परतला होता.

१९९१ पासून उपग्रह वाहिन्या आणि गल्लोगल्लीचे केबलचालक आले. संच स्वस्त झाले, घरोघरी आले, आणि शेजाऱ्याच्या खिडकीत उभे राहण्याची गरज संपली. खऱ्या अर्थाने ‘घरी बसणे’ सुरू झाले ते येथून. तेव्हा या बदलाचे वर्ष १९७२ नव्हे, तर १९९१ मानणे योग्य ठरेल. आणि नेमक्या याच वर्षी विजय कोंडके यांचा ‘माहेरची साडी’ प्रदर्शित झाला, ही बाब मुद्दाम नोंदविण्यासारखी आहे. बायका आता घरीच चित्रपट पाहतील असे बोलले जात असताना बैलगाड्यांतून, मिळेल त्या वाहनाने, गावेच्या गावे या चित्रपटाला आली. प्रेक्षकांत स्त्रियांचा भरणा विलक्षण होता. समीक्षकांनी त्यास रडका चित्रपट म्हणून बाजूस सारले. ते मूल्यमापन कलादृष्ट्या चुकीचे आहे असे नाही. परंतु सासरच्या घरात, सासऱ्यासमोर, त्याच संचावर हा चित्रपट लागला असता तर सुनेला मोकळेपणी रडता आले असते काय, हा प्रश्न समीक्षकांना सुचला नाही. चित्रपटगृहातील अंधार हा येथे मनोरंजनाचा नव्हे, तर आडोशाचा विषय होता.

हिंदी चित्रपटसृष्टीनेही हे ओळखले. ‘हम आपके हैं कौन..!’ (१९९४) या चित्रपटाच्या निर्मात्यांनी व्हिडिओ कॅसेट बाजारात आणण्याचे जाणीवपूर्वक लांबणीवर टाकले. मुंबईच्या ‘लिबर्टी’ चित्रपटगृहात तो शंभरांहून अधिक आठवडे चालला. सजविलेले गृह, सुखावह आसने आणि वाढीव दर यांमुळे व्हिडिओकडे वळलेला मध्यमवर्गीय कुटुंबवत्सल प्रेक्षक परतला. मात्र या परतीत एक फरक होता. दर वाढवून बोलाविलेला प्रेक्षक आला, तेव्हा खालच्या बाकांवरील प्रेक्षकाची व्यवसायाला पूर्वीइतकी निकड उरली नाही.

शासनाचे धोरण आणि स्वस्त बाकाचा अंत

मुंबई करमणूक शुल्क अधिनियम, १९२३ पासून तिकिटावरील शुल्क हे शासनाचे हक्काचे उत्पन्न होते. २००१ मध्ये महाराष्ट्र शासनाने मल्टिप्लेक्सना पहिली तीन वर्षे संपूर्ण आणि पुढील दोन वर्षे ७५ टक्के करमणूक शुल्क माफ केले. गुंतवणूक यावी हा हेतू असला तरी जुन्या एकपडदा चित्रपटगृहाला ही सवलत नव्हती. ज्याचे तिकीट सर्वांत स्वस्त त्याने शुल्क भरावे आणि ज्याचे महाग त्याला माफी मिळावी, असा हा उलटा न्याय होता. त्यातच शहरातील जमिनीला सोन्याचा भाव आला. पुण्यातील किबे कुटुंबाच्या मालकीचे ‘प्रभात’ अनेक दशके मराठी चित्रपटांचे हक्काचे गृह होते. २०१४ च्या अखेरीस ते मूळ मालकांकडे परतले आणि पुढे नव्या नावाने सुरू झाले. अनेक गृहांना तेवढेही भाग्य लाभले नाही. तेथील प्रेक्षक घरी बसला, कारण त्याच्या ऐपतीचे गृह उरले नव्हते. आवडनिवड या शब्दाने या घटनेचे वर्णन करणे इतिहासकाराला शोभणारे नाही.

तंबू, टाळेबंदी आणि भ्रमणध्वनी

ग्रामीण महाराष्ट्रात जत्रांमधून फिरणारे तंबू हे चित्रपटगृहाचे सर्वांत लवचीक रूप. ट्रकवर यंत्र, मोकळ्या मैदानात कनात, आणि आत जमिनीवर मांडी घालून बसलेले हजारभर लोक. २०१६ च्या कान महोत्सवात दाखविल्या गेलेल्या ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ या माहितीपटाने या तंबूंची अखेरची वर्षे टिपली आहेत. फिल्मची रिळे जाऊन डिजिटल यंत्रे आली, तो खर्च बहुतेकांना पेलला नाही. त्याच वर्षी, सप्टेंबर २०१६ पासून, भ्रमणध्वनीवरील इंटरनेट कमालीचे स्वस्त झाले आणि चित्रपट घरातही न राहता तळहातावर आला. एका खोलीतील चार माणसे चार निरनिराळे चित्रपट पाहू लागली.

मार्च २०२० मध्ये चित्रपटगृहे बंद झाली. त्या वर्षीच्या जूनमध्ये ‘गुलाबो सिताबो’ चित्रपटगृहाला वगळून थेट घरी पोहोचला. राज्यातील गृहे नोव्हेंबर २०२० मध्ये निम्म्या आसनांसह उघडली, एप्रिल २०२१ मध्ये पुन्हा बंद झाली आणि २२ ऑक्टोबर २०२१ रोजी परत उघडली. दरम्यान जत्रा भरल्या नाहीत, त्यामुळे तंबूंना उघडण्याची तारीखच नव्हती. टाळेबंदीत घरी बसण्याचा उपदेश सर्वांना एकाच शब्दांत केला गेला. दहा जणांच्या खोलीतील कामगाराने मात्र गावची वाट धरली.

गृहे उघडल्यानंतर मुंबईच्या ‘मराठा मंदिर’मध्ये १९९५ पासून चालू असलेला ‘दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे’चा खेळही पुन्हा सुरू झाला. हे गृह मुंबई सेंट्रल स्थानक व एस.टी. आगार यांच्या जवळ आहे. तेथील प्रेक्षकांत गाडीची वाट पाहणारे प्रवासी आणि परगावाहून कामासाठी आलेली एकटी माणसे यांचा भरणा असतो. चित्रपट त्यांनी अनेकदा पाहिलेला असतो, आणि भ्रमणध्वनीही त्यांच्या खिशात असतो.